हवेत तोललेले झाड

उंच झाड उभे असते तोवर त्याचे वजन कुणाच्या मनातही येत नाही. उंची दिसते, सावली जाणवते, पानांची सळसळ ऐकू येते. वजन मात्र जमिनीने बिनबोभाट पेललेले असते. झाड काढायची वेळ आली की ते पहिल्यांदा माणसांच्या बोलण्यात येते आणि काम क्रेनने करायचे असेल तर मग दिवसभर दुसरा विषयच निघत नाही. हा तुकडा किती भरेल? पानांसकट किती? आतून ओला आहे की पोकळ? क्रेन आणि माणसाला वर नेणारी लिफ्ट लावून खूप उंच झाडे उतरवण्याचे काम मी संधी मिळेल तेव्हा पाहत आलो आहे, लांब उभा राहून, आणि काम थांबल्यावर जाणत्यांना प्रश्न विचारत. या कामातली उंची, करवत आणि धाडस कुणाच्याही नजरेत भरते. मला मात्र हे काम मुळात अंदाजाचे वाटते. जे कधीच तोलले गेलेले नाही, ज्याचे दोन भाग एकसारखे नसतात, ज्याच्या पोटात काय आहे ते कापेपर्यंत दिसत नाही, अशा झाडाच्या प्रत्येक तुकड्याचे वजन तो हवेत जाण्याआधी सांगायचे असते. तो आकडा चुकला तर माणसे मरतात, इतके ते सरळ आहे.

क्रेन नसताना काय करतात ते आधी सांगायला हवे. मोकळ्या जागेत झाड पाडणे हा सर्वात साधा मार्ग. ज्या बाजूला पाडायचे त्या बाजूने बुंध्यात खाच घ्यायची, मागून काप द्यायचा आणि मध्ये थोडे लाकूड न कापता ठेवायचे. तेवढी पट्टी बिजागरीचे काम करते आणि झाड ठरलेल्या दिशेला वाकत जाते. पण तीस मीटरच्या झाडाला तेवढी मोकळी जमीन लागते, शिवाय दिशा चुकली तर म्हणून बाजूची जागाही. भोवती घरे, भिंती, तारा असतील तर झाड वरून खाली तुकड्यातुकड्याने उतरवावे लागते. माणूस दोराने वर चढतो, फांदी बांधतो, कापतो आणि खालची माणसे दोर सोडत तिला जमिनीवर आणतात. या पद्धतीत सगळा भार येतो तो त्याच झाडावर. शेंडा कापला की तो आधी थोडा खाली पडतो, मग दोर ताणला जातो, आणि त्या क्षणी खोडाला बसणारा हिसका तुकड्याच्या वजनाच्या कितीतरी पट असतो. माणूस त्याच खोडाला कंबरपट्ट्याने बांधलेला असतो. खोड झुलते, तोही त्याबरोबर झुलतो.

निरोगी झाडावर हे काम कसबी माणसे फार सुंदर करतात, आणि त्यांच्याबद्दल माझ्या मनात नितांत आदर आहे. पण काढायची झाडे निरोगी असतात कुठे? बहुतेक वेळा ती वाळलेली, कुजलेली, मुळे सुटलेली, विजेने चिरलेली असतात. ज्या झाडावर आपला भरवसा उरला नाही म्हणून ते काढायचे ठरले, त्याच झाडाच्या भरवशावर माणूसही टांगायचा आणि तोडलेला भारही! क्रेन आणि लिफ्टने खरी क्रांती केली ती इथे. काम लवकर होते, कमी माणसांत होते, अंगण खराब होत नाही, हे फायदे नंतरचे. पहिला फायदा हा की कापलेला भार आता झाडावर येत नाही.

त्यामुळे कामाचा क्रमच उलटा होतो. एरवी आधी कापायचे आणि मग भार सांभाळायचा. इथे आधी भार घ्यायचा आणि मग कापायचे. वर गेलेला माणूस तुकड्याला पट्टे आवळतो, शक्यतो दोन ठिकाणी, म्हणजे कापल्यावर तो गिरकी घेणार नाही. ऑपरेटर बूमचे, म्हणजे क्रेनच्या लांब हाताचे, टोक तुकड्याच्या गुरुत्वमध्याच्या अगदी वर आणतो. टोक जरा बाजूला राहिले तर सुटलेला तुकडा त्या बाजूला झेपावतो, आणि बूम आडव्या ओढीसाठी बनवलेली नसते. तिची ताकद उभ्या भारासाठी असते. मग हुक हळूहळू वर घेत अंदाजे वजनाइतका ताण दिला जातो. हा ताण म्हणजे सगळ्या कामाचे मर्म. कमी दिला तर तुकडा सुटताच खाली बसतो आणि क्रेनला हिसका देतो. जास्त दिला तर उसळून वर जातो, आणि कापणाऱ्याचे तोंड तिथून हातभर अंतरावर असते. बरोबर दिला तर शेवटचा तंतू तुटताना तुकडा जागचा हलतसुद्धा नाही. कापात बारीक फट दिसते आणि ती शांतपणे रुंदावत जाते. असा काप मी पाहिला आहे तेव्हा मनापासून आनंद झाला आहे. तिथे कुणी टाळ्या वाजवत नाही, पण वाजवाव्यात असे ते काम असते.

आता तो अंदाज येतो कुठून? पहिला आधार भूमितीचा. एक मीटर व्यासाचा आणि चार मीटर लांबीचा ओंडका साधारण 3.14 घनमीटर भरतो. अनेक कठीण लाकडांचा ताजा, ओला घनमीटर एक टनाच्या आसपास असतो, म्हणजे तीन टनांहून थोडे अधिक. याच ओंडक्याचा व्यास एक मीटरऐवजी 1.2 मीटर असेल तर घनफळ साडेचार घनमीटर होते. व्यास वीस टक्क्यांनी वाढला, वजन चव्वेचाळीस टक्क्यांनी. खालून पाहताना वीस सेंटिमीटरचा फरक डोळ्याला कळत नाही, म्हणून जाणता माणूस वर गेल्यावर खोडाला टेप लावतो. फांद्यांच्या बाबतीत लिओनार्दो दा विंचीने आपल्या टिपणवहीत लिहून ठेवलेला एक नियम मला फार आवडतो: कोणत्याही उंचीवरच्या सगळ्या फांद्या एकत्र केल्या तर त्यांची जाडी खालच्या खोडाइतकी होते. प्रत्येक जातीत तो तंतोतंत लागू पडत नाही. तरी बेचक्यातून निघालेल्या चार किरकोळ दिसणाऱ्या फांद्या मिळून किती होतात याचे भान तो देतो.

दुसरा आधार पाण्याचा, आणि इथे गणित निसटायला लागते. ताज्या लाकडाच्या वजनात पाण्याचा वाटा बहुधा निम्म्याच्या आसपास असतो. तो जातीनुसार बदलतो, ऋतूनुसार बदलतो, एकाच खोडात बाहेरच्या रसकाष्ठात वेगळा आणि आतल्या गाभ्यात वेगळा असतो. झाड जन्मभर हेच करत असते, जमिनीतले पाणी वर चढवणे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे रेडवुड हे जगातले सर्वात उंच वृक्ष. त्यांतला 2006 साली सापडलेला ‘हायपेरियन’ सुमारे 116 मीटर आहे. तिथल्या उंच शेंड्यांवर चढून केलेल्या मोजमापांवरून 2004 साली संशोधकांनी झाडाच्या उंचीची मर्यादा 122 ते 130 मीटरच्या दरम्यान असावी असे मांडले. त्याहून वर पानांपर्यंत पाणी खेचणे झाडालाच परवडत नाही. म्हणजे झाडाची उंची ठरवण्यात पाण्याच्या वजनाचा हात आहे, आणि झाड उतरवताना आपण त्याच पाण्याचे वजन हुकला टांगत असतो. पाऊस पडून गेला असेल तर कुजलेले लाकूड आणखी पाणी पिऊन बसलेले असते. वाळलेले झाड हलके असणार असे गृहीत धरणारा माणूस इथे फसतो.

वजन कळले तरी क्रेनला ते उचलता येईल का हा वेगळा प्रश्न. पन्नास टनी क्रेन म्हटले की ऐकणाऱ्याला वाटते, पन्नास टन उचलेल. तो आकडा क्रेनच्या अगदी जवळच्या, साधारण तीन मीटर अंतरावरच्या भाराचा असतो. भरलेली बादली छातीशी धरणे आणि तीच हात लांब करून धरणे यांत जो फरक, तोच इथे. अंतर वाढत गेले की क्षमता झपाट्याने उतरते आणि पंचवीस मीटरवर तीच क्रेन काही टनांवर येते. प्रत्येक क्रेनबरोबर यासाठी तक्ता असतो: बूम किती लांब, भार किती अंतरावर, तर किती उचलायचे. त्यात हुकचे, पट्ट्यांचे, साखळ्यांचे वजनही धरायचे असते. भार आल्यावर बूम वाकते, तिचे टोक थोडे पुढे जाते, अंतर वाढते आणि क्षमता आणखी कमी होते. कारखान्यात यंत्र उचलताना त्याच्यावर वजन कोरलेले असते. झाडावर काहीच लिहिलेले नसते. म्हणून झाडाच्या कामात जाणती माणसे तक्त्यातल्या आकड्याच्या बरीच खाली थांबतात. तुकडा छोटा घेतला तर एक फेरी वाढते, इतकेच.

ऑपरेटरच्या समोर भार दाखवणारा पडदा असतो. पण तो खरे वजन सांगतो ते तुकडा सुटल्यावर, म्हणजे कापून झाल्यावर. तेव्हा तो जड निघाला तर परत चिकटवता येत नाही. जमिनीवरून उचलायची वस्तू थोडी उचलून बघता येते, न झेपल्यास खाली ठेवता येते. झाडाच्या तुकड्याला ठेवायला खाली जागाच नसते. या एका गोष्टीमुळे झाडाचे काम क्रेनच्या इतर कामांहून वेगळे ठरते, आणि इतर ठिकाणी वर्षानुवर्षे क्रेन चालवलेला ऑपरेटर इथे नवखा असू शकतो. त्याला हे मान्य असेल तर काम नीट होते.

जमिनीबद्दलही सांगायला हवे, कारण सगळ्यांचे डोळे वर असतात. क्रेन चाकांवर उभी राहून काम करत नाही. चार पाय बाहेर काढून, चाके अधांतरी करून उभी राहते. बूम एका कोपऱ्यावर वळली की त्या कोपऱ्यातल्या पायावर क्रेनच्या आणि भाराच्या एकूण वजनातला मोठा हिस्सा येतो. समजा एका पायावर वीस टन आले आणि पायाची थाळी चाळीस सेंटिमीटर चौरस आहे. दर चौरस मीटरला सव्वाशे टन दाब झाला. साध्या मातीला तो झेपत नाही. त्याच पायाखाली दीड मीटर चौरस, जाड आणि भक्कम फळी टाकली तर दाब नऊ टनांवर येतो. फळीखाली काय आहे ते वेगळेच: बुजवलेली विहीर, मैल्याची टाकी, जुना नाला. बुंध्याशेजारची माती मुळे कुजल्याने भुसभुशीत झालेली असू शकते. क्रेन उलटल्याच्या बातम्यांत बूमचे फोटो येतात. चौकशी मात्र बऱ्याचदा पायाखालच्या मातीपाशी जाऊन पोचते.

पोकळ खोडाचा विषय मला सर्वात जिव्हाळ्याचा. झाडाला ढोली दिसली की ते धोकादायक, काढून टाका, असा निकाल फार सहज दिला जातो. गणित काय सांगते? वाकण्याला विरोध करण्याची ताकद बाहेरच्या लाकडात एकवटलेली असते. पोकळीचा व्यास खोडाच्या निम्मा असेल तर ताकद जेमतेम सहा टक्क्यांनी घटते. पोकळी सत्तर टक्के व्यासाची झाली तरी घट चोवीस टक्के. त्यानंतर मात्र उतार तीव्र होतो. नव्वद टक्क्यांना जवळजवळ दोनतृतीयांश ताकद गेलेली असते. जर्मन शास्त्रज्ञ क्लाउस मॅथेक यांनी सुचवलेली कसोटी याच वळणाजवळची आहे: भोवतालची निरोगी भिंत त्रिज्येच्या तीस टक्क्यांहून पातळ झाली की सावध व्हायचे. या कसोटीवर वाद झाले आणि ते योग्यही होते, कारण पोकळी कधी मधोमध नसते, कधी एका बाजूने उघडी असते, आणि छोट्या पर्णसंभाराच्या झाडाला मोठ्याइतकी ताकद लागतही नाही. पण पोकळ म्हणजे कमकुवत हे समीकरण तरी त्यामुळे मोडले.

झाड आतून कसे कुजते याचे आजचे ज्ञान बरेचसे अॅलेक्स शायगो या अमेरिकन वनशास्त्रज्ञाचे देणे आहे. एकट्याने चालवता येणारी चेनसॉ हाती आल्यावर त्यांनी झाडे आडवी कापण्याऐवजी उभी चिरून पाहायला सुरुवात केली, तीही हजारोंनी. झाड जखम भरून काढत नाही, जखमेभोवती भिंती उभारून कुजणे कोंडून ठेवते, हे त्यांनी 1977 साली सविस्तर मांडले. क्रेनवाल्यांना हे कशाला हवे? कुज कुठपर्यंत गेली असेल आणि कुठे अडली असेल यावर पट्टा कुठे आवळायचा ते ठरते. सत्तर टक्के पोकळ खोड वजनाला जवळजवळ निम्मे भरते, त्यामुळे अंदाजाइतका ताण दिला तर ते उसळते. उलट, ढोलीत पाणी साचलेले असेल तर ते अंदाजाहून जड निघते. लाकडावर हातोडी मारून आवाज ऐकणे, बारीक सुई घालून विरोध मोजणे, ध्वनिलहरींनी आतला नकाशा काढणे अशी साधने आहेत. जुनी माणसे अजूनही हातोडीपासूनच सुरुवात करतात, आणि तिचा आवाज ओळखणारा कान ही मोठी ठेव आहे.

लिफ्टचे काम निराळे. तिथे भार उचलायचा नसतो, माणूस उचलायचा असतो. ट्रकवरची बकेट, म्हणजे लांब हाताच्या टोकाचा पाळणा, असो किंवा अरुंद फाटकातून आत जाऊन कोळ्यासारखे पाय पसरणारी छोटी लिफ्ट असो, माणूस पाळण्याला बांधलेला राहतो आणि झाडाला स्पर्शही न करता कापू शकतो. वाळलेल्या झाडांसाठी याला पर्याय नाही. उत्तर अमेरिकेत आशियातून आलेला हिरवा भुंगेरा 2002 साली मिशिगनमध्ये ओळखला गेला आणि त्याने ॲशची कोट्यवधी झाडे मारली. मेलेली ॲश लवकर ठिसूळ होते. वरवर धडधाकट दिसणारे झाड चढणाऱ्याच्या वजनाने किंवा फांदी पडल्याच्या धक्क्याने मोडते. अशा झाडांवर दोराने चढायला अनुभवी माणसेही नकार देऊ लागली. हा नकार मला या व्यवसायातल्या शहाणपणाची सर्वात मोठी खूण वाटते.

पण पाळणा म्हणजे जमीन नव्हे. कापलेली फांदी लिफ्टच्या हातावर आदळली किंवा एखादे चाक खड्ड्यात गेले तर लांब हाताच्या टोकाला तो धक्का अनेक पटींनी जाणवतो आणि माणूस पाळण्यातून फेकला जातो. म्हणून पट्टा आखूड आणि पाळण्यालाच अडकवलेला हवा. पाळणा नेहमी पडणाऱ्या फांदीच्या वर किंवा बाजूला, खाली कधीच नाही. वीज हा तर आणखी वेगळा शत्रू. तारेला प्रत्यक्ष स्पर्श व्हावा लागत नाही. ओली फांदी, बूम, दोर, कशातूनही ती उतरते. काही बकेटचे हात फायबरग्लासचे आणि चाचणी केलेले असतात, पण सगळे नाहीत. अमेरिकी नियमांत विजेच्या कामाचे खास प्रशिक्षण नसलेल्या माणसाने तारेपासून किमान दहा फूट, म्हणजे तीन मीटर दूर राहायचे असते, आणि तारेतल्या विजेच्या दाबाप्रमाणे (व्होल्टेज) हे अंतर वाढते. पुरवठा बंद करून घेणे सर्वात उत्तम. त्यासाठी दिवस पुढे ढकलावा लागला तर ढकलावा.

अलीकडे क्रेनच्या टोकाला पंजा आणि करवत एकत्र बसवलेली यंत्रे आली आहेत. पंजा फांदी धरतो, करवत कापते, ऑपरेटर जमिनीवर रिमोट घेऊन उभा असतो, वर कुणीच नसते. काही जुन्या चढाऊंना यात आपल्या कसबाचा अस्त दिसतो आणि त्यांची हळहळ मला कळते. तरीही मेलेल्या झाडावर माणूस चढवायची गरज उरू नये हेच मला योग्य वाटते. अंदाज मात्र इथेही सुटत नाही. पंजाने धरलेला तुकडा किती भरेल हे कुणाला तरी आधी सांगावेच लागते.

यंत्राच्या या वेगाची मला एकच काळजी आहे. जे झाड उतरवायला आठवडा लागायचा ते आता एका दिवसात उतरते, आणि काढणे सोपे झाले की काढायचा निर्णयही सोपा होतो. शेंड्याचा भार कमी करून ते झाड आणखी काही दशके ठेवता येईल का, हे विचारायला वेळच मिळत नाही. जिथे खाली कुणी वावरत नाही तिथे फांद्या उतरवून खोड पाचसहा मीटरवर उभे ठेवता येते. पोपट, सुतारपक्षी, घुबडे, वटवाघळे, लाकडात राहणारे असंख्य कीटक अशा खोडावर वर्षानुवर्षे जगतात. क्रेन भाड्याने आणली आहे म्हणून सगळेच आजच उतरवायचे, या युक्तिवादाला माझा विरोध आहे.

आणि उतरवायचेच असेल तर शेवटचा भाग सर्वात अवघड असतो. दिवस कलतो, माणसे थकतात, वरचे तुकडे सुरळीत गेल्याने हात सैल पडतो आणि नेमका तेव्हा बुंधा येतो, सर्वात जाड, सर्वात जड. त्याच्या जाडीत एक हात जास्त म्हणजे वजनात कित्येक टन जास्त. कुजही बहुधा इथेच असते आणि आत काँक्रीट भरलेले, तारा गिळलेल्या, खिळे बुजलेले असेही निघते. चांगला चमू इथे थांबतो, पाणी पितो, पुन्हा टेप लावतो, तुकडा निम्म्या लांबीचा घेतो.

या कामातली एक सवय मला सगळीकडे रुजलेली पाहायची आहे. प्रत्येक तुकड्याआधी चढणाऱ्याने आपला अंदाज मोठ्याने सांगायचा, ऑपरेटरने तो लिहून घ्यायचा आणि सुटल्यावर पडद्यावरचा आकडा त्याच्यासमोर मांडायचा: जात, व्यास, लांबी, ऋतू, अंदाज, प्रत्यक्ष. काही ऑपरेटर अशी वही ठेवतात. तिच्यात शेंड्याकडचे तुकडे बहुधा अंदाजाहून हलके निघालेले दिसतात आणि बेचक्याचे तुकडे जड, कारण बेचक्यात लाकूड गच्च दाटलेले असते. नव्या मुलाला वर पाठवण्याआधी ती वही त्याच्यापुढे ठेवायची, व्यास वाचून दाखवायचा, वजनाच्या रकान्यावर हात ठेवायचा आणि विचारायचे, सांग, किती भरला असेल?